जर्मनीत पिवळं पाकीट आलं तर घाबरू नका, पण त्याच दिवशी उघडा

पुण्याहून म्युनिकला किंवा नाशिकहून आखेनला निघालेल्या पोरापोरींना व्हिसा, ब्लॉक्ड अकाउंट, रूम, थंडीचे कपडे, कुकर न्यायचा की नाही, या सगळ्याची माहिती असते. यूट्यूबवर त्याचे शेकडो व्हिडिओ आहेत. पण तिथे पोचल्यावर ज्या गोष्टीमुळे सगळ्यात जास्त गोंधळ उडतो, तिच्याबद्दल फार कमी बोललं जातं. ती म्हणजे बिल्डिंगच्या दारातली पत्रपेटी.

जर्मनीत सरकार अजूनही कागदावर बोलतं. टॅक्सचा नंबर, व्हिसा वाढवण्यासाठी लागणारी कागदपत्रं, दंड, कोर्टाची नोटीस, सगळं पोस्टाने येतं. सगळं जर्मनमध्ये असतं. आणि बहुतेक पत्रांना एक तारीख चिकटलेली असते, जी तुमच्यासाठी थांबत नाही.

२०२३-२४ च्या हिवाळी सत्रात जर्मनीत सुमारे ४९ हजार भारतीय विद्यार्थी शिकत होते. परदेशी विद्यार्थ्यांमधला हा सगळ्यात मोठा गट. नोकरीसाठी गेलेले वेगळेच. म्हणजे तुमच्या ओळखीत कुणी ना कुणी तिकडे असणारच. त्यामुळे ही पत्रं नेमकी काय असतात आणि ती वाचायची कशी, ते समजून घेऊ.

एवढी पत्रं येतात तरी का?

जर्मनीत नव्या घरात राहायला गेलात की दोन आठवड्यांच्या आत महापालिकेच्या ऑफिसात जाऊन पत्ता नोंदवावा लागतो. याला म्हणतात अनमेल्डुंग. घरमालकाने सही केलेला कागद त्यासाठी लागतो. ही नोंदणी झाली की तुमचा पत्ता इतर काही सरकारी यंत्रणांकडे आपोआप जातो. तुम्ही कुणाला काही कळवलेलं नसताना पत्रं येऊ लागतात, त्याचं कारण हे.

आपल्याकडे इन्कम टॅक्सची नोटीस पोर्टलवर दिसते, एसएमएस येतो, ईमेल येतो. शिवाय आपल्याला सवय असते की काम खरंच महत्त्वाचं असेल तर कुणीतरी फोन करेल. तिथे फोन येत नाही. पत्र तुमच्या पेटीत पडलं की सरकारच्या लेखी तुम्हाला कळलं.

आधी पेटीवर नाव लावा

जर्मनीतल्या बहुतेक बिल्डिंगमध्ये फ्लॅट नंबर नसतो. पोस्टमन पाकिटावरचं आडनाव बघतो आणि त्या आडनावाची पेटी शोधतो. पेटीवर नाव नसेल तर पत्र परत जातं. तुम्ही कुणाच्या घरात एक खोली घेऊन राहत असाल तर त्या पेटीवर तुमचंही आडनाव लागलंच पाहिजे.

इथे आपला एक खास घोळ होतो. पासपोर्टवर नाव, वडिलांचं नाव आणि आडनाव असं तिन्ही असतं, आणि कधीकधी वडिलांचं नाव आडनावाच्या रकान्यात जाऊन बसतं. त्यामुळे सरकारी पत्रावर आडनाव म्हणून जे छापून येतं तेच पेटीवर हवं. मित्र ज्या नावाने ओळखतात ते नाही.

पहिल्या काही महिन्यांत काय काय येतं?

टॅक्सचा नंबर. नोंदणीनंतर काही आठवड्यांत केंद्रीय कर कार्यालयाकडून एक साधं पत्र येतं. त्यात अकरा आकडी नंबर असतो, श्टॉयर-आयडी. आपल्या पॅनसारखा तो आयुष्यभर एकच राहतो. नोकरी किंवा पार्टटाइम काम मिळालं की कंपनी हाच नंबर मागते. तो दिला नाही तर पगारातून सगळ्यात चढ्या दराने कर कापला जाऊ शकतो. हे पत्र हरवलं तर नंबर फोनवर सांगत नाहीत. पुन्हा मागायचा आणि पुन्हा पोस्टाची वाट बघायची. म्हणून आल्या आल्या फोटो काढून ठेवा.

रेडिओ-टीव्हीची वर्गणी. याला रुंडफुंकबाइट्राग म्हणतात. सार्वजनिक वाहिन्या चालवण्यासाठीची ही वर्गणी. ऑगस्ट २०२१ मध्ये तिचा दर दरमहा १८.३६ युरो ठरला. बरेच जण म्हणतात, माझ्याकडे टीव्हीच नाही, मग मी का भरू? आणि पत्र बाजूला टाकतात. पण २०१३ पासून ही वर्गणी टीव्हीवर नाही, घरावर आहे. एका घरामागे एकदाच भरायची.

म्हणजे तीन मित्र एका फ्लॅटमध्ये राहत असतील आणि एक जण भरत असेल, तर बाकीच्या दोघांनी त्याचा वर्गणी क्रमांक कळवायचा, विषय संपला. पण उत्तरच दिलं नाही तर तुमची नोंद परस्पर केली जाते आणि घरात राहायला आलात तेव्हापासूनचे पैसे मागितले जातात. त्यानंतर विलंब आकार लावलेला निर्णय येतो. तो किमान ८ युरो असतो. तरीही गप्प बसलात तर सक्तीची वसुली. त्यासाठी त्यांना आधी कोर्टात जाऊन निकाल आणावा लागत नाही.

आरोग्य विम्याची पत्रं. सरकारी विमा संस्था अधूनमधून फॉर्म पाठवतात. अजून शिकताय का, कमाई किती, वगैरे. स्वतःहून विमा चालू ठेवलेल्या माणसाने कमाईचा पुरावा दिला नाही तर त्याला सगळ्यात जास्त हप्ता लावला जाऊ शकतो. फॉर्म साधा दिसतो, पण न भरणं महाग पडतं.

परदेशी नागरिक कार्यालयाची पत्रं. आउसलेंडरबेहोर्डे हे ते ऑफिस. राहण्याचा परवाना वाढवायचा असेल तर अपॉइंटमेंटची तारीख, कमी असलेली कागदपत्रं, सगळं इथून येतं. एक नियम पाठ करून ठेवा: परवाना संपायच्या आधी अर्ज केला, तर साधारणपणे निर्णय होईपर्यंत जुना परवाना चालू धरला जातो आणि तसा तात्पुरता दाखला मिळतो. संपल्यानंतर अर्ज केला तर मात्र अवघड होऊन बसतं.

पत्र वाचायचं कसं?

संपूर्ण पत्र एका दमात भाषांतर करायला जाऊ नका. आधी पाच गोष्टी शोधा.

१. कुणी पाठवलं? वरच्या कोपऱ्यात ऑफिसचं नाव असतं. श्टाट म्हणजे शहर, फिनान्त्सआम्ट म्हणजे कर कार्यालय, आम्ट्सगेरिख्ट म्हणजे स्थानिक कोर्ट. इन्कासो लिहिलं असेल तर ती वसुली करणारी कंपनी आहे, सरकार नाही.

२. फाइल नंबर काय? आक्टेनत्साइखेन किंवा गेशेफ्ट्सत्साइखेन या शब्दांपुढे असतो. फोन करा, मेल करा, पैसे भरा, प्रत्येक वेळी हा नंबर लिहायचा. तो नसेल तर तुमचं उत्तर योग्य टेबलावर पोचेलच याचा भरवसा नाही.

३. विषय काय? ठळक अक्षरातली एक ओळ. तिच्यात पत्राचा प्रकार कळतो.

४. तारीख कोणती? फ्रिस्ट म्हणजे मुदत. श्पेटेस्टेन्स म्हणजे उशिरात उशिरा. बिस त्सुम म्हणजे अमुक तारखेपर्यंत. एक महिना लिहिलं असेल तर चार आठवडे समजू नका, दोन्ही वेगळे आहेत.

५. शेवटी काय लिहिलंय? याकडे पुढे येऊ, कारण सगळ्यात महत्त्वाचा परिच्छेद बहुतेक वेळा तिथेच असतो.

दोन फसव्या गोष्टी आणखी आहेत. पहिली आकड्यांची. जर्मनीत हजाराच्या जागी टिंब आणि दशांशाच्या जागी स्वल्पविराम येतो. आपल्या सवयीने १.२५० हा आकडा सव्वा वाटतो. तिथे तो बाराशे पन्नास असतो.

दुसरी भाषेची. 'आम्ही आपणास विनंती करतो' असं लिहिलेलं असतं आणि आपण समजतो, चला, विनंतीच आहे. पण सरकारी जर्मनमध्ये विनंती हा हुकमाचा सभ्य अवतार असतो. दंडाच्या पत्राचा शेवटही 'मैत्रीपूर्ण अभिवादन' असाच होतो.

आणि हो, शिक्का-सही नसली म्हणून पत्र खोटं ठरत नाही. 'हे पत्र यंत्राने तयार केलं असून सहीविना वैध आहे' अशी ओळ तळाला सर्रास असते.

विचारणा, आठवण की निर्णय?

सगळी पत्रं एका तोलाची नसतात. विषयाच्या ओळीत यातला कोणता शब्द आहे ते बघा.

आनह्योरुंग: निर्णय अजून झालेला नाही, तुमची बाजू मांडा. इथे वेळेत दोन ओळी लिहिल्या तर पुढचं बरंचसं झंझट टळू शकतं.

माहनुंग: पैसे भरायचे राहिलेत, याची ताकीद.

लाडुंग किंवा फोरलाडुंग: अमुक दिवशी हजर राहा.

बेशाइड: निर्णय झाला. हा शब्द दिसला की सावध व्हा. टॅक्सचा हिशोब, परवाना नाकारणं, दंड, वर्गणीची थकबाकी, हे सगळे बेशाइड असतात.

बेशाइडच्या शेवटी एक लांबलचक नावाचा परिच्छेद असतो, रेख्ट्सबेहेल्फ्सबेलेरुंग. निर्णय मान्य नसेल तर कुठे, कसा आणि किती दिवसांत आक्षेप घ्यायचा, ते त्यात लिहिलेलं असतं. साधारण मुदत एक महिना असते. ऑफिसने हा परिच्छेद दिलाच नाही किंवा चुकीचा दिला, तर मुदत सहसा एक वर्षाची होते.

मुदतीत काहीच केलं नाही तर? निर्णय पक्का होतो. तो चुकीचा असला तरी. रक्कम चुकली असेल, कुणा दुसऱ्याच्या नावाशी गफलत झाली असेल, तरी नंतर ते दुरुस्त करून घेणं फार कठीण जातं. या सगळ्या प्रकरणातली खरी जोखीम हीच आहे. तिथे तुम्ही गप्प बसलात म्हणजे तुम्हाला मान्य आहे, असं धरलं जातं.

आणि ते पिवळं पाकीट?

काही पत्रं पिवळ्या पाकिटात येतात. यात पोस्टमन पाकिटावर तारीख लिहितो आणि पत्र कधी, कसं दिलं याचा वेगळा कागद भरून ऑफिसला परत पाठवतो. तुम्ही घरी नसाल तर तो पाकीट पेटीत टाकतो, आणि कायद्याने ते तुम्हाला मिळालं असं धरलं जातं. तुमची सही लागत नाही. त्यामुळे पाकीट न उघडणं किंवा पेटीत तसंच ठेवणं याचा काहीच फायदा नाही.

यात बहुतेक वेळा दंड किंवा कोर्टाचा कागद असतो आणि मुदत कमी असते:

- दंडाचा निर्णय, म्हणजे बुसगेल्डबेशाइड: आक्षेपासाठी दोन आठवडे.
- फौजदारी शिक्षेचा लेखी आदेश, म्हणजे श्ट्राफबेफेल: दोन आठवडे.
- कोर्टाकडून आलेली पैशाची मागणी, म्हणजे मानबेशाइड: दोन आठवडे.

यातल्या तिसऱ्याबद्दल बराच गैरसमज आहे. कोर्टाचं पत्र आलंय म्हणजे कोर्टाने आपल्याला दोषी ठरवलं, असं वाटतं. तसं नाही. एखाद्या कंपनीने, समजा जुन्या जिमने किंवा मोबाइल कंपनीने, अर्ज केला की कोर्ट ती मागणी पुढे पाठवतं. मागणी खरी की खोटी हे कोर्टाने तपासलेलं नसतं. सोबत फॉर्म असतो. मागणी मान्य नसेल तर तो भरून दोन आठवड्यांत परत पाठवायचा. नाही पाठवला तर पुढचा कागद सक्तीच्या वसुलीचा येतो.

पिवळं पाकीट कधीही फेकू नका. पत्र आणि पाकीट एकत्र जपून ठेवा. तारखेचा पुरावा पाकिटावरच असतो.

मुदत मोजायची कशी?

साध्या पोस्टाने आलेल्या निर्णयासाठी नियम असा: पत्र पोस्टात टाकल्यापासून चौथ्या दिवशी ते तुम्हाला मिळालं असं धरतात. १ जानेवारी २०२५ पूर्वी हा आकडा तीन दिवस होता.

उदाहरण घेऊ. निर्णय ३ मार्च २०२५ ला पोस्टात पडला. चौथा दिवस ७ मार्च. एक महिन्याची मुदत असेल तर शेवटचा दिवस ७ एप्रिल. त्या दिवशी तुमचा आक्षेप ऑफिसात पोचलेला हवा. त्या दिवशी पोस्टात टाकला तर उशीर झाला.

आता हाच ३ मार्च पिवळ्या पाकिटावर पोस्टमनने लिहिलेला असेल आणि मुदत दोन आठवड्यांची असेल, तर शेवटचा दिवस १७ मार्च. इथे चार दिवसांची सूट मिळत नाही.

पत्र मिळालं असं गृहीत धरायची ही पद्धत काही जर्मनांनीच काढलेली नाही. आपल्याकडेही १८९७ च्या जनरल क्लॉजेस ॲक्टमध्ये योग्य पत्त्यावर रजिस्टर पोस्टाने पाठवलेलं पत्र मिळालं असं धरण्याची तरतूद आहे. फरक इतकाच की तिथे रोजच्या व्यवहारात याचा वारंवार सामना करावा लागतो.

'मला जर्मन येत नाही' हे कारण सहसा चालत नाही, कारण कारभाराची भाषा जर्मन असल्याचं कायद्यातच लिहिलंय. हॉस्पिटलमध्ये ॲडमिट असण्यासारखं, तुमची चूक नसलेलं कारण असेल तर मुदत पुन्हा मिळावी असा अर्ज करता येतो. पण तोही अडचण संपल्यावर लगेच करावा लागतो. अनेक प्रकरणांत त्यासाठी दोनच आठवडे असतात.

निर्णय पटला नाही तर काय करायचं?

आक्षेपाला विडरश्प्रुख म्हणतात. टॅक्स आणि दंडाच्या बाबतीत शब्द येतो आइनश्प्रुख. काही राज्यांत, उदाहरणार्थ बव्हेरियात, अनेक विषयांत हा टप्पाच नाही आणि थेट कोर्टात दाद मागावी लागते. म्हणून तो शेवटचा परिच्छेद वाचणं आलंच.

पत्र छोटं चालतं. तुमचं नाव-पत्ता, फाइल नंबर, निर्णयाची तारीख, 'या निर्णयाला माझा आक्षेप आहे, कारणं नंतर पाठवतो' आणि सही. मुदत वाचवण्यासाठी बऱ्याच प्रकरणांत एवढं पुरतं. रजिस्टर पोस्टाने पाठवा आणि पावती ठेवा. साधा ईमेल अनेक ठिकाणी ग्राह्य धरत नाहीत.

दोन गोष्टी लक्षात असू द्या. एक, टॅक्स किंवा सरकारी शुल्काच्या बाबतीत आक्षेप घेतला म्हणून पैसे भरणं आपोआप थांबत नाही. वसुली थांबवण्यासाठी वेगळा अर्ज लागतो. दोन, ऑफिसने कागदपत्रांसाठी दिलेली तारीख विनंती करून वाढवून मिळू शकते. पण आक्षेपाची कायद्याने ठरलेली मुदत वाढवून मिळत नाही.

दिवाळीला घरी येताना

महिनाभर भारतात यायचं ठरवलं आणि त्याच काळात दोन आठवड्यांच्या मुदतीचं पाकीट आलं तर? म्हणून निघण्यापूर्वी विश्वासातल्या मित्राकडे पेटीची किल्ली द्या. पत्र उघडून फोटो पाठवायला सांगणार असाल तर तशी परवानगी लिहून द्या. दुसऱ्याचं बंद पत्र त्याच्या संमतीशिवाय उघडणं हा जर्मनीत गुन्हा आहे.

घर बदललं तर नव्या पत्त्याची नोंदणी करा आणि पोस्टाची पत्रं पुढे पाठवण्याची सेवा घ्या. कायमचं परतणार असाल तर महापालिकेत नोंद रद्द करा. ती घर सोडण्याच्या एक आठवडा आधीपासून दोन आठवडे नंतरपर्यंत करता येते. रेडिओ-टीव्हीची वर्गणी मात्र वेगळी बंद करावी लागते. ती आपोआप थांबेल या समजुतीत राहू नका.

खोटी पत्रंही येतात

केंद्रीय कर कार्यालयाच्या नावाने बनावट पत्रं आणि ईमेल पाठवून पैसे उकळण्याचे प्रकार झाले आहेत. नवीन कंपनी नोंदवणाऱ्यांना सरकारी वाटतील अशी खासगी बिलंही येतात. शंका आली तर पत्रावरच्या नंबरवर फोन करू नका. ऑफिसचा नंबर त्यांच्या वेबसाइटवरून शोधा, किंवा ११५ या सरकारी मदत क्रमांकावर विचारा. तातडीने अमुक खात्यात पैसे भरा आणि त्या खात्याचा नंबर जर्मनीबाहेरचा, असं दिसलं तर थांबा.

मदत कुठे मिळते?

मोबाइलचं भाषांतर ॲप पहिल्या अंदाजापुरतं ठीक आहे. पण कायद्याच्या शब्दांत ते चुकतं, आणि एक चुकलेला शब्द तारीख बदलू शकतो. अशा वेळी माणसाला विचारा.

विद्यार्थ्यांसाठी विद्यापीठाचं इंटरनॅशनल ऑफिस आणि विद्यार्थी कल्याण संस्था असतात. तिथे अनेक ठिकाणी कायद्याचा सल्लाही मिळतो. नोकरदारांसाठी कारिटास, डियाकोनी, आवो यांसारख्या संस्थांमार्फत चालणारी स्थलांतरितांची सल्ला केंद्रं आहेत. तिथे सल्ला मोफत असतो. कमाई कमी असेल तर स्थानिक कोर्टातून एक चिठ्ठी मिळते, ती दाखवून वकिलाचा सल्ला १५ युरोत घेता येतो.

आणि मराठी मंडळांचे, भारतीय विद्यार्थ्यांचे व्हॉट्सॲप ग्रुप आहेतच. तिथे जरूर विचारा, पण पत्राचा फोटो टाकण्याआधी नाव, पत्ता, फाइल नंबर आणि टॅक्सचा नंबर झाका. मित्राला आलेलं पत्र आणि तुम्हाला आलेलं पत्र सारखं दिसलं तरी त्यातली तारीख वेगळी असते.

एवढं सगळं लक्षात ठेवणं जड वाटत असेल तर तीन सवयी लावून घ्या. पेटी रोज उघडा. पत्र आलं त्या दिवसाची तारीख त्यावर पेनाने लिहा. आणि शेवटची तारीख मोबाइलच्या कॅलेंडरमध्ये एक आठवडा आधीचा अलार्म लावून टाका. तुमचा एखादा मित्र किंवा मैत्रीण पुढच्या सत्राला जर्मनीला निघणार असेल, तर हा लेख विमानात बसायच्या आधी पाठवून द्या.